मेश्रामबाईंचा हातमोजा

मेश्रामबाईंची आणि माझी ओळख झाली ती माझ्या कोटाच्या बाहीवरून. जबलपूरच्या गढा भागात आम्ही नवं घर घेतलं त्याला आठ दिवसही झाले नव्हते. शाळेत माझा निरोप समारंभ होता, म्हणून मी ठेवणीतला कोट घालून निघालो. फाटकाची कडी लावतो तोच शेजारच्या ओट्यावरून हाक आली, "ओ सर, जरा थांबा." मी थांबलो. बाईंनी नाव विचारलं नाही की गाव विचारलं नाही. उठून आल्या, माझी बाही मनगटाशी धरली, उलटी केली, अस्तराचा टाका नखानं खरवडला आणि म्हणाल्या, "कोनं शिवला हा? अस्तर ओढून लावलं हाय. हात वर केला का खांद्यात दाटते ना?"

दाटत होता. सहा वर्षं दाटत होता, आणि मी समजत होतो की आपलं वजन वाढून राहिलं. तसं बोललो तर म्हणाल्या, "वजन बी वाढलं असन. पन हे अस्तराचंच हाय." संध्याकाळी कोट त्यांच्याकडे गेला, दुसऱ्या दिवशी परत आला, आणि त्यानंतर मला वर हात करायला काही त्रास राहिला नाही. वर हात करायची वेळ मात्र निवृत्तीनंतर फारशी येत नाही.

पूर्ण नाव पंचफुला नामदेव मेश्राम. वडील भंडाऱ्याकडचे, मजूर म्हणून जबलपूरला आलेले. पुढे राज्यांच्या सीमा बदलल्या, नागपूर-भंडारा तिकडे महाराष्ट्रात गेलं आणि ही मंडळी इकडेच राहिली. नवरा फॅक्टरीत होता. जबलपुरात फॅक्टरी म्हटलं की लोक विचारतात कोणती. ते मी सांगणार नाही, कारण पुढे जे सांगायचं आहे ते तिथल्या लोकांना आवडणार नाही. नवरा लवकर गेला, त्याच्या जागी बाई लागल्या. शिलाई विभागात. लष्करी ट्रकांच्या सीटची कव्हरं, हुडाची ताडपत्री, गिअरच्या दांड्याभोवतीचं चुणीदार कव्हर, हे सगळं त्यांनी तीस वर्षं शिवलं. मुलगा भोपाळला नोकरीवर. रविवारी विहारात जायच्या, बाकीचे सहा दिवस ओट्यावर. याहून जास्त चरित्र मला ठाऊक नाही. त्यांनी सांगितलं नाही आणि मला चौकशा करायची सवय नाही.

वस्तू उलटी केल्याशिवाय त्यांचा तिच्यावर विश्वास बसत नसे. लग्नाला गेल्या तर आधी खुर्चीचं कव्हर उचलून आतली शिवण बघणार, मग बसणार. माझ्या बायकोनं हौसेनं घेतलेली चंदेरी साडी त्यांनी पदर उलटा करून बघितली आणि परत दिली. बायको वाट बघून राहिली होती की काही तरी बोलतील. शेवटी तिनंच विचारलं, "कशी आहे?" बाई म्हणाल्या, "सुलट तं कोनीबी दाखवते, ताई. उलटी चांगली हाय." ही त्यांच्याकडची सगळ्यात मोठी शाबासकी होती, पण बायकोला ते कळायला वर्ष लागलं.

एकदा बायकोनं मिक्सरचं कव्हर शिवायला दिलं. दोन दिवसांनी आणून दिलं. छानच होतं. तासाभरानं बाई परत आल्या, सरळ स्वयंपाकघरात गेल्या, मिक्सरवरचं कव्हर ओढून काढलं आणि चालू लागल्या. "अहो, काय झालं?" बायको मागे धावली. "एक टाका लांब पडला. घरी गेल्यावर ध्यानात आलं." बायको म्हणाली, असू द्या हो, मिक्सर थोडाच बघतो? बाई थांबल्या आणि खरोखरीच्या आश्चर्यानं म्हणाल्या, "मिक्सर नाई बघत. मी बघतो ना." पुढल्या आठवड्यात कव्हर नव्यानं आलं. आतल्या कोपऱ्यात लाल दोऱ्यानं बारीक आकडा भरला होता, चारशे सोळा. तो त्यांचा फॅक्टरीतला टोकन नंबर. तिथं प्रत्येक नगावर शिवणाऱ्याचा नंबर टाकायचा, म्हणजे उद्या शिवण उसवली तर कोणाला बोलवायचं ते कळतं. मी म्हटलं, आमच्या मिक्सरची चौकशी कोण करणार आहे? "बिननंबराचा नग चोरीचा असते नाई तं नापास," त्या म्हणाल्या. विषय संपला.

हातांचं दुखणं त्यांना निवृत्तीआधीच लागलं होतं. आमवात. सकाळी बोटं उघडायची नाहीत. गरम चहाचा स्टीलचा पेला दोन्ही तळव्यांत धरून त्या ओट्यावर बसायच्या, आणि मी पेपर घेऊन गेलो की म्हणायच्या, "बसा. दुकान अजून उघडलं नाई." पेला थंड होईपर्यंत एकेक बोट सुटायचं. राइट टाउनच्या डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं होतं की सुई धरणं दोन वर्षांच्या वर होणार नाही. ते त्यांनी मला पाऊसपाण्याची बातमी सांगावी तसं सांगितलं. मी काही तरी धीराचं बोलायला गेलो तर म्हणाल्या, "तुमी पेपर वाचा."

तर पेपर. आमच्या अंगणात हिवाळ्यात ऊन येत नाही, म्हणून मी त्यांच्या ओट्यावर बसून वाचायचो. एका सकाळी आतल्या पानावर एक सूचना होती. अंतराळाचं काम करणाऱ्या एका संस्थेनं स्पर्धा ठेवली होती. कंपन्यांना मनाई, मोठ्या प्रयोगशाळांना मनाई; घरी, गॅरेजात, आपल्या डोक्यानं काही बनवणाऱ्या साध्या माणसांसाठी. अंतराळवीरांच्या पोशाखाचा हातमोजा बनवायचा. जो सगळ्यात कमी जोर लावून वाकेल आणि तरी फुटणार नाही, तो जिंकला. मी गमतीनं म्हटलं, "मेश्रामबाई, वर आकाशात जाणाऱ्यांना हातमोजे पाहिजेत म्हणे. शिवता का?"

"काहून? बाजारात भेटत नाई का त्याइले?"

मग मला समजावणं भाग पडलं. मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, विज्ञानाशी माझा संबंध नाही, पण जेवढं छापलं होतं तेवढं सांगितलं. वर बाहेर हवा नसते, पोशाखाच्या आत मात्र हवा भरलेली असते, म्हणून हातमोजा फुगून टणक होतो. मूठ वळायची तर प्रत्येक वेळी त्या हवेशी भांडावं लागतं. अंतराळवीरांची बोटं दुखून येतात, नखं काळीनिळी होतात. बाईंनी पेला खाली ठेवला.

"म्हन्जे फुगलेली ट्यूब वाकवाची," त्या म्हणाल्या.

"हो, तसंच."

"ट्यूब वाकत नाई, कारन वाकवली का आतल्या हवेले जागा कमी पडते. जागा कमी पडू नाई देली तं वाकन." मला हे तिसऱ्यांदा सांगितल्यावर कळलं. त्यांना मात्र पहिल्यापासून कळलेलंच होतं. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "भेटते काय त्यात?"

मी खाली वाचलं. बक्षीस होतं, आणि पुढे लिहिलं होतं की जिंकणारा नमुना बनवणाऱ्याच्या नावानं ओळखला जाईल.

"नावानं म्हन्जे? पुऱ्या नावानं?"

"पूर्ण नावानं."

"अच्छा," त्या म्हणाल्या, आणि पेपर माझ्या हातातून काढून घेतला. मराठी त्या अडखळत वाचायच्या, हिंदी बरी वाचायच्या. ती सूचना त्यांनी पुरी वाचली, मग घडी करून पोलक्यात ठेवली. माझं क्रिकेटचं पान त्याच्याच मागे होतं.

पुढचं वर्ष आमच्या आळीनं विसरू नये असं गेलं. आत भांडी घासायचा रबरी मोजा, त्यावर जाड कापडाचा मोजा, कडेनं गाड्यांच्या सीटबेल्टचा न ताणणारा पट्टा. हवा भरायला सायकलचा पंप. बाई हात मोज्यात घालायच्या, मी कोपराखाली जुन्या ट्यूबची पट्टी करकचून बांधायचो आणि पंप मारायचो. सहासष्ट वर्षांचा माणूस, रक्तदाबाच्या गोळ्या सुरू, आणि सकाळी नऊ वाजता शेजारणीच्या हातात हवा भरून राहिला. येणारे-जाणारे बघायचे. मला लाज वाटायची. बाईंना नाही.

पहिला मोजा फुटला तेव्हा असा आवाज झाला की समोरच्या तिवारीण लाटणं हातात घेऊनच बाहेर आल्या. "क्या हुआ? सिलेंडर फटा क्या?" मी ओट्यावर फतकल मारून बसलो होतो. बाई चिंध्या झालेला मोजा उन्हाकडे धरून बघत होत्या. "आंगठ्याच्या मुळाशी गेला," त्या मला म्हणाल्या, "मले वाटलंच होतं." मी म्हटलं, "वाटलं होतं तर मला पंप कशाला मारू दिला?" "वाटून काय होते, सर? फुटल्याबिगर कळते का?"

असे किती फुटले मी मोजले नाहीत. तिवारीण पुढे पुढे आवाज झाला तरी बाहेर येईनाशा झाल्या. बाईंनी शेवटी बोटांच्या पाठीवर चुण्या घेतल्या, बारीक, एकीवर एक, गिअरच्या कव्हराला असतात तशा. आणि तळव्याकडच्या, पोटाच्या बाजूनं पट्टा सरळ ठेवला. बोट वाकलं की पाठीवरच्या चुण्या उघडायच्या, पोटाकडचं कापड आत दबायचं, आणि आतली जागा तेवढीच राहायची. असं मला वाटतं. त्यांनी समजावलं नाही. त्यांचं बोलणं एवढंच असायचं, "हाताले इचारा."

आणि हात त्यांचा होता. मी एकदा म्हटलं होतं, एखाद्या धडधाकट माणसाच्या हातात घालून बघू, तुमचे सांधे असे. बाई म्हणाल्या, "धडधाकट तं कशातबी वाकवन. माहा वाकला तं कोनाचाबी वाकन." थंडीच्या एका सकाळी, बोटं चहानंही उघडत नव्हती अशा दिवशी, त्यांनी मोजा चढवायला लावला. मी पंप मारला. त्यांनी ताटलीतलं शर्टाचं बटण दोन बोटांत उचललं. खाली ठेवलं. परत उचललं. मी बघत राहिलो. मला त्या वेळी फार आनंद झाला, हे कबूल करायला हरकत नाही. बाई आमच्या दारात उभ्या असलेल्या बायकोला म्हणाल्या, "ताई, च्या ठेवा."

अर्ज भरायला बसलो तो दिवस मला जास्त लक्षात आहे. मी नाव लिहिलं. त्यांनी कागद ओढून घेतला आणि अक्षरांवरून बोट फिरवत बघितलं. मग कागदाकडेच बघत एक गोष्ट सांगितली. फॅक्टरीत हुडाच्या ताडपत्रीचे कोपरे कापून जोडायचे, आणि पावसात तिथूनच पाणी गळायचं. बाईंनी कोपरा न कापता चुण्या घालून वळवला. गळणं थांबलं. सुपरवायझर साहेबांनी नमुना वर पाठवायचा ठरवला. म्हणाले, वर जाणाऱ्या नमुन्यावर कामगाराचा नंबर नसतो, तेवढा काढून दे. बाईंनी काढून दिला. दोन महिन्यांनी गेटजवळच्या फलकावर फोटो लागला. साहेब हार घालून उभे, हातात प्रशस्तिपत्र, खाली लिहिलेलं की हुडाचा सुधारित कोपरा यांनी शोधून काढला.

"मग तुम्ही काही बोलला नाहीत?"

"का बोलतो? नंबर म्याच काहाडला होता. माह्याच कैचीनं." मग म्हणाल्या, "पैशे-बिशे पोराले भेटतेत, मले काही कमी नाई. एक कागद पायजे, सर. ज्यात हे पंचफुलानं केलं असं लिवलेलं. हात बंद होयाच्या आंधी."

त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे सगळ्यात लांब भाषण. मी मान खाली घालून पिनकोड लिहिला.

नियमांची पंधरा पानं होती, सगळी इंग्रजीत. ती मी त्यांना एकेक कलम मराठीत सांगितली. त्यातलं एक कलम असं होतं की नगावर नाव, सही, अक्षर, आकडा, कुठलीही खूण नको. संस्था देईल तेवढी कोडची चिठ्ठी फक्त बांधायची, म्हणजे तपासणाऱ्यांना कोणाचा नग ते कळणार नाही. "समजलं?" मी विचारलं. "समजलं. कोनाचा हाय ते कळू द्याचं नाई." मी पुढच्या कलमाकडे वळलो. शिक्षकाची सवय, मुलानं मान हलवली की आपण पुढे जातो.

स्पर्धा दक्षिणेतल्या एका शहरात होती. मोज्यांची जोडी पोळ्यांच्या डब्यात घालून आम्ही गाडीत बसलो. बाईंनी आधी बर्थचं रेक्झीन उचलून शिवण बघितली, आणि मग नाराज होऊन झोपल्या. तिथं हॉलमध्ये सगळे तिशीच्या आतले. कॉलेजांचे गट, एकाच रंगाचे टी-शर्ट, मांडीवर लॅपटॉप. मधोमध पांढऱ्या लुगड्यातल्या मेश्रामबाई, मांडीवर रिकामा डबा. तपासणी आत चालली होती. संस्थेचेच लोक हवा काढलेल्या पेटीत मोजे बसवून, त्यात हात घालून नटबोल्ट फिरवायचे. यंत्र वाकवायला लागणारा जोर मोजायचं. बाहेर भिंतीवरच्या फलकावर कोड आणि क्रम दिसायचा. आमचा कोड सत्तावीस.

वाकवण्याच्या चाचणीचा क्रम लागला. सत्तावीस सगळ्यांत वर होता. मी चष्मा पुसून परत बघितलं. समोरच्या ओळीतली एक टी-शर्टवाली मुलगी शेजारणीला म्हणाली, "ये ट्वेंटी-सेवन कौन है यार?" बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "तुमच्याबद्दल विचारून राहिली." बाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि ताठ बसल्या. मग पाणी भरून दाब देण्याची चाचणी झाली. सत्तावीस पास. एकूण क्रमातही वर. मी उठून थेट फलकापाशी जाऊन उभा राहिलो. शाळेत एवढे निकाल बघितले, पण असं कधी झालं नव्हतं.

शेवटची पाहणी उरली होती. अर्ध्या तासानं माणूस बाहेर येऊन म्हणाला, "कोड सत्ताईस, अंदर आइए."

आत लांब टेबल. चौघे परीक्षक. समोर मोजा उलटा करून ठेवलेला. मनगटाच्या आतल्या पट्टीवर, लाल दोऱ्यात, चारशे सोळा.

मला आधी काही कळेना. मग नियमांमधलं ते कलम आठवलं. मी बाईंकडे बघितलं तर त्या आकड्याकडे वाकून बघत होत्या, जणू दुसऱ्याच कोणी घातला आहे.

परीक्षकांत एक पिकल्या केसांच्या बाई होत्या. त्या हिंदीत, अगदी सौम्यपणे म्हणाल्या, "माताजी, ये क्या नंबर है?"

"मेरा है. फैक्टरी का टोकन."

"आपको नियम पता था?"

"पता था. ये सर ने पढ़ के बताया था."

त्या परीक्षकबाईंनी बाकीच्यांकडे बघितलं. मग म्हणाल्या की पाहणीचा तक्ता अजून बंद झालेला नाही. तो बंद होईपर्यंत स्पर्धकाला आपल्या नगात किरकोळ दुरुस्ती करता येते, हाही नियमच आहे. "दस मिनट हैं. धागा निकाल दीजिए, हम आगे बढ़ेंगे." आणि टेबलावरची छोटी कात्री त्यांनी मेश्रामबाईंकडे सरकवली.

मी म्हटलं, "घ्या बाई. लवकर करा. तीन आकडे तर आहेत."

बाईंनी कात्री उचलली. बोटं नीट वळत नव्हती, तरी धरली. मोजा जवळ ओढला. कात्रीचं टोक पहिल्या टाक्याखाली घातलं. मग तिथंच थांबल्या. मी घड्याळाकडे बघत होतो. त्यांनी टोक बाहेर काढलं आणि कात्री टेबलावर ठेवली, दांड्या परीक्षकबाईंकडे करून.

"नाई काहाडत," त्या मला म्हणाल्या.

"अहो, काय वेडेपणा करून राहिल्या तुम्ही?" मी त्या चौघांसमोर ओरडलो. "जिंकून राहिलो आपण! नाव लागेल तुमचं! तुम्हाला हेच पाहिजे होतं ना?"

"काहाडला तं मंग हा नग कोनाचा?"

"कोड आहे ना त्याला!"

"कोड त्याइचा हाय. नंबर माहा हाय." मग परीक्षकबाईंकडे वळून हिंदीत म्हणाल्या, "एक बार निकाला था, दीदी. अब नहीं निकालती."

परीक्षकबाईंना काय कळलं असेल ते असो. त्यांनी परत आग्रह केला नाही. दहा मिनिटं पुरी झाली. मग एकानं तक्त्यावर काही लिहिलं आणि आम्ही बाहेर आलो.

परतीच्या गाडीत इटारसी येईपर्यंत मी बाईंशी बोललो नाही. वर्षभर पंप मी मारला होता, गोळ्या वाढल्या होत्या माझ्या, पंधरा पानं मी समजावली होती. त्या माझ्या कोण? शेजारीण. मला एवढं का लागावं? पण लागलं होतं. इटारसीला त्यांनी संत्रं घेतलं. बोटांनी सोलता येईना, म्हणून दातांनी साल धरून सोललं आणि अर्धं माझ्यापुढे केलं.

"हातानं टाकला, सर," त्या म्हणाल्या. "रागावू नका. म्याच टाकला असन, पन कधी टाकला, आठवत नाई. शिवन संपली का हात आपोआप तिकडं जाते."

"मग काढायचा होता. काढायला काय झालं?"

"टाकाले इचार नाई लागला. काहाडाले मले इचार करा लागला असता ना."

मी संत्रं खाल्लं. आंबट होतं.

त्यानंतर सुई बंदच झाली. डॉक्टरनं सांगितलेल्या दोन वर्षांना अजून काही महिने होते, पण बोटांनी वाट बघितली नाही. सहा-सात आठवड्यांनी माझ्या मोबाइलवर स्पर्धेचा निकाल आला, इंग्रजीत आणि हिंदीतही. पुढे महिन्याभरात मुलगा येऊन त्यांना भोपाळला घेऊन गेला आणि तिथून मग एका पावसाळ्यात त्या गेल्याचीच बातमी आली. त्यामुळे निकालाचा तो दिवस म्हणजेच माझं त्यांना शेवटचं नीट बघणं. मी निकाल घेऊन गेलो तेव्हा मनातून धास्तावलो होतो. पहिलं बक्षीस त्या टी-शर्टवाल्यांच्या एका गटाला होतं. खाली सगळ्या स्पर्धकांचा तक्ता होता आणि त्यात सत्ताविसाव्या ओळीत यांचं नाव. मी वाचून दाखवलं. त्यांनी परत वाचायला लावलं. मग चपला घातल्या आणि म्हणाल्या, "चला. कागदावर काहाडून आना लागते."

स्कूटरवर मागे बसवून मी त्यांना ओमती भागात नेलं. पोलीस ठाण्याच्या पुढच्या गल्लीत झेरॉक्सचं दुकान आहे. दुकानदारानं माझ्या मोबाइलवरून आधी एक फिकट कच्ची प्रत काढली आणि गिऱ्हाईक कोण म्हणून बघितलं. बाईंनी ओळीवर बोट ठेवायचा प्रयत्न केला. बोट सरळ होईना, म्हणून मुठीचा सांधा टेकवला.

"भैया, ये पढ़ो."

त्यानं वाचलं. "सत्ताईस. श्रीमती पंचफुला नामदेव मेश्राम, जबलपुर. मोड़ परीक्षण, प्रथम. दाब परीक्षण, उत्तीर्ण..." आणि तिथं अडखळला. शेवटच्या रकान्यात लिहिलं होतं अपात्र, ओळखचिन्हामुळे. त्यानं आवाज खाली आणला. भला माणूस होता. म्हणाला, "माताजी, ये आखिरी वाला खाना कागज रखके दबा देता हूं. फोटोकॉपी में नहीं आएगा. घर में टांगोगे तो अच्छा दिखेगा."

"दबाना नहीं," बाई म्हणाल्या. "पूरा निकालो. जैसा है वैसा."

"पर इसमें तो अपात्र लिखा है, माताजी."

"हां. मेरे को ही लिखा है."

दुकानदारानं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, निकालो भैया, पूरा निकालो. कागद यंत्रातून गरम गरम बाहेर आला. बाईंना तो बोटांत धरता येईना. त्यांनी तो दोन्ही तळव्यांच्या मध्ये धरला, डोळ्यांजवळ नेला, आणि रस्त्यावर हॉर्न वाजत असताना, माणसं धक्के देत जात असताना, दुकानाच्या पायरीवर उभं राहून आपली ओळ पहिल्या अक्षरापासून शेवटच्या रकान्यापर्यंत स्वतः मोठ्यानं वाचली.